तेजगावची धावपट्टी, डिसेंबर १९७१

४ डिसेंबर १९७१ची संध्याकाळ. ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर भारतीय हवाईदलाने दिवसभर मारा केला होता. हंटर आली, सुखोई-७ आली, मिग-२१ आली. तोफा चालल्या, रॉकेटं सुटली, धूर उठला. अंधार पडला तेव्हाही पाकिस्तानची सेबर विमानं उडण्याच्या स्थितीत होती आणि आपली काही हंटर-सुखोई परत आलेली नव्हती. काही वैमानिक ठार झाले होते, काही हवाईछत्रीने उतरून शत्रूच्या हाती सापडले होते. एक जण मुक्तिबाहिनीच्या मदतीने पुढे सुखरूप परतला.

७ डिसेंबरनंतर मात्र युद्ध संपेपर्यंत ढाक्यावर पाकिस्तानी लढाऊ विमान उडालं नाही. सगळी सेबर पाडली गेली म्हणून नव्हे. त्यातली बरीचशी जमिनीवर धडधाकट उभी होती, पण त्यांना धावायला जागा उरली नव्हती.

हे प्रकरण मला अनेक वर्षं खुणावत आलं आहे. मी वैमानिक नाही. माझी नोकरी रस्ते आणि काँक्रीटच्या फरसबंदीच्या कामात गेली. बॉम्बफेकीचा वृत्तान्त वाचताना माझी नजर आधी खड्ड्याकडे जाते, आणि तो बुजवायला फावडं घेऊन धावणाऱ्या माणसांकडे. दुसरा धागा घरचा आहे. माझं बालपण नाशिकजवळ गेलं. ओझरच्या कारखान्यातून निघालेली मिग विमानं डोक्यावरून जात तेव्हा आम्ही मुलं अंगणात येऊन बघत असू. डिसेंबर ७१मध्ये खिडक्यांना काळे कागद लावून बसलो होतो तेव्हा त्याच जातीची विमानं ढाक्यात काय करत आहेत, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

एकच विमानतळ

पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी हवाईदलाची लढाऊ विमानांची एकच स्क्वाड्रन होती, १४ नंबरची. तिच्याकडे एफ-८६ सेबर जातीची पंधरा-वीस विमानं होती. २२ नोव्हेंबरला, युद्ध अधिकृतपणे सुरू होण्याआधीच, पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बोयऱ्याच्या आकाशात आपल्या नॅट विमानांनी त्यातली दोन पाडली आणि तिसऱ्याला जखमी करून परतवलं. राहिलेल्या सगळ्यांचा तळ म्हणजे तेजगाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेला हा विमानतळ, धावपट्टी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. उत्तरेला थोड्या अंतरावर कुर्मिटोला नावाचा दुसरा विमानतळ तयार होत होता. आज ढाक्याचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे तोच हा.

त्यांच्याभोवती भारताच्या ईस्टर्न एअर कमांडच्या दहाच्या आसपास लढाऊ स्क्वाड्रन होत्या. कमांडचे प्रमुख एअर मार्शल हरीचंद दिवाण होते, मुख्यालय शिलाँगला. आकड्यांकडे बघितलं तर हा सामनाच नव्हता, आणि पुष्कळ लेखांमध्ये या मोहिमेचं वर्णन तेवढ्यावरच आटोपतं. मला ते पटत नाही. पंधरा सेबरही फार मोठं काम करू शकत होती. पूर्व बंगाल म्हणजे नद्यांचा प्रदेश. पलटणी पुढे सरकणार त्या अरुंद बांधाच्या रस्त्यांवरून, होड्यांतून, रेल्वेच्या भरावांवरून. वरून चार विमानं रोज येत राहिली असती तरी अख्खी फौज झाडाखाली दडून बसली असती. सैन्याला ढाक्याकडे धाव घ्यायची असेल तर आकाश आधी मोकळं हवं होतं, तेही दोन-तीन दिवसांत. संयुक्त राष्ट्रांत युद्धबंदीसाठी हालचाली सुरू होत्या, त्यामुळे वेळ मोजकाच होता.

चार तारखेला काय चुकलं

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेकडच्या आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटलं. त्याच रात्री आपली कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं तेजगाववर जाऊन आली. चार तारखेला उजाडल्यापासून लढाऊ विमानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. जमिनीवर उभी असलेली सेबर शोधायची आणि तोफांनी, रॉकेटांनी तिथल्या तिथे जाळायची, असा त्या दिवसाचा रोख होता.

नकाशावर हे काम सोपं दिसतं. प्रत्यक्षात वैमानिक अडीचशे-तीनशे किलोमीटरवरून झाडांच्या शेंड्यांना लागून येतो. विमानतळ जवळ आला की वर उसळी मारतो, विमान एका अंगावर कलंडवतो आणि खाली बघतो. शोधायला, ओळखायला, नेम धरायला आणि मारायला त्याच्या हाती काही सेकंद असतात. सेबर विमानं एका रांगेत उभी नव्हती. ती विखरून ठेवलेली होती, मातीच्या बांधांच्या आडोशाला, जाळ्यांखाली झाकलेली. भोवती विमानविरोधी तोफा, आणि त्या तोफांना सकाळच्या पहिल्या फेरीनंतर कळून चुकलेलं असतं की पुढची फेरी येणार. रडारच्या मदतीने वर चढून वाट बघणारी दोन-चार सेबरही असत. रॉकेटांचं ओझं घेऊन खाली नेम धरणाऱ्या हंटरच्या शेपटीमागे सेबर लागलं की हंटरला आधी आपला जीव वाचवावा लागतो. त्या दिवशी हवेतल्या झटापटीत दोन्ही बाजूंची विमानं पडली.

याहून खोल अडचण वेगळीच होती. रॉकेट सोडून निघालेल्या वैमानिकाला आपण नक्की काय मारलं ते दिसत नाही. मागे धूर दिसतो. पेटलेलं ते विमान होतं, तेलाचा टँकर होता की जाळीखालचं काही भलतंच होतं, याचा निवाडा तळावर परतल्यावर आठवणीवर होतो. मोजणीच भरवशाची नसेल तर काम किती झालं आणि किती उरलं हे कोण सांगणार? शत्रूचं विमान पुन्हा उडालेलं दिसलं म्हणजेच कळायचं की काम झालेलं नाही.

याची तुलना १९६७शी होते. त्या वर्षी ५ जूनला सकाळी इस्रायलने इजिप्तच्या विमानतळांवर हल्ला केला तेव्हा क्रम उलटा होता. आधी धावपट्ट्या फोडल्या, त्यासाठी काँक्रीट भेदणारे खास बॉम्ब बनवून घेतले होते. विमानं जागच्या जागी अडकली, मग तोफांनी सावकाश एकेक जाळली. आपण चार तारखेला विमानांमागे लागलो आणि धावपट्टी चालू राहू दिली. म्हणून प्रत्येक फेरीला वर उठून येणारं सेबर भेटत राहिलं.

तीन तारखेचा पाकिस्तानचा हल्लाही इथे आठवावा लागतो. त्यांनी धावपट्ट्याच लक्ष्य केल्या होत्या. पण विमानं थोडी, लक्ष्यं पुष्कळ, आणि पाठोपाठ दुसरा घाव घालायची तयारी नाही. आपल्या लोकांनी काही तासांत खड्डे बुजवले आणि विमानं पुन्हा उडू लागली. तेव्हा "धावपट्टी फोडा" एवढं सूत्र पुरेसं नाही. ती कशी फोडायची आणि त्यानंतर काय करायचं, यातच सगळं प्रकरण आहे.

मिग-२१ला दिलेलं काम

ईस्टर्न एअर कमांडने दोन दिवसांच्या आत रोख बदलला. विमानांचा पाठलाग सोडून मारा धावपट्टीवर वळवला. जिच्यासाठी रक्त सांडलं त्या योजनेला चिकटून राहण्याचा मोह मोठा असतो. "आणखी एक दिवस, उद्या सापडतील" असं म्हणणं सोपं असतं. तसं म्हटलं गेलं नाही. या मोहिमेतला सगळ्यात मोलाचा निर्णय मी यालाच मानतो.

काम सोपवलं गेलं मिग-२१च्या स्क्वाड्रनना. विंग कमांडर भूपेंद्रकुमार बिश्नोई यांची २८ नंबरची, ही भारताची पहिली मिग-२१ स्क्वाड्रन, आणि विंग कमांडर गोळे यांची ४ नंबरची. बिश्नोईंचं नाव या मोहिमेच्या प्रत्येक वृत्तान्तात येतं. गोळ्यांचं नाव मराठी वाचकांनाही फारसं माहीत नाही, याची मला खंत वाटते.

ही निवड वरकरणी विचित्र वाटते. मिग-२१ हे विमान मुळात बॉम्ब टाकायला जन्मलेलंच नाही. उंचावरून येणाऱ्या शत्रूच्या बॉम्बफेकी विमानाला झपाट्याने गाठायचं आणि क्षेपणास्त्र सोडायचं, यासाठी सोव्हिएत अभियंत्यांनी ते घडवलं. आपल्याकडच्या एफएल प्रकारात तर बसवलेली तोफही नव्हती. हवी असेल तर ती पोटाखाली पेटीसारखी लटकवावी लागे, आणि मग तिथली जादा इंधनाची टाकी काढावी लागे. पंखांखाली टांगायच्या जागा दोनच. तिथे ५०० किलोचे दोन बॉम्ब लावले की क्षेपणास्त्रांना जागा राहत नाही. म्हणजे बॉम्ब घेऊन निघालेला मिगवाला हवेतल्या लढाईपुरता जवळपास निःशस्त्र. त्याचं रक्षण दुसऱ्यांनी करायचं.

बॉम्बफेकीसाठी खास दर्शकही त्यात नव्हता. लढाऊ विमानाच्या साध्या नेमदर्शकातून, ठरलेल्या कोनात, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या उंचीवर पोचून बटण दाबायचं. वाऱ्याचा हिशेब मनातल्या मनात करायचा. यातली एक गोष्ट जरा चुकली की बॉम्ब पन्नास-साठ मीटर इकडे किंवा तिकडे. धावपट्टीची रुंदी तेवढीही नसते.

मग हेच विमान का? एक तर त्याचा वेग. सूर मारून खाली आल्यावर ते इतक्या झटकन निघून जातं की तोफांना आणि सेबरना फारसा वेळ मिळत नाही. दुसरं, त्या वैमानिकांनी तिखट कोनात सूर मारून बॉम्ब टाकण्याची तयारी केलेली होती. हा तिखट कोन समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून जरा थांबतो.

काँक्रीट कसं मोडतं

विमान अगदी खालून, जमिनीला समांतर जात असताना बॉम्ब सोडला तर तो विमानाच्याच वेगाने पुढे जातो आणि जमिनीला जवळजवळ आडवा भेटतो. तलावात चपटा दगड भिरकावला तर तो भाकरी करत जातो ना, तसाच बॉम्ब काँक्रीटवरून उसळतो. मग तो फुटतो कुठेतरी पुढे, गवतात. काँक्रीटच्या वरच्या वर फुटला तरी पृष्ठभागावर काळा डाग, थोडे टवके, एवढंच. झाडून घेतलं की धावपट्टी चालू.

तेच विमान उंचीवरून तीव्र उतारावर नाक खाली करून आलं तर बॉम्ब काँक्रीटला बऱ्यापैकी उभा भेटतो. ५०० किलोचं ते पोलादी धूड लादी फोडून आत घुसतं. स्फोट घडवणारा फ्यूज किंचित उशिराचा लावलेला असतो, त्यामुळे स्फोट लादीच्या खाली, भरावात होतो. खालून आलेला दाब लादीला वर उचलतो. खड्डा दिसतो तेवढाच नसतो. भोवतालच्या लाद्या उचकटून तिरप्या होतात, सांधे सुटतात, खालचा भराव भुसभुशीत होतो.

इथे माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोकांना वाटतं, खड्डा म्हणजे माती टाकून भरला की झालं. गावच्या रस्त्यावरही तसं होत नाही, तर कित्येक टनांचं ओझं घेऊन ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्या चाकांखाली कुठून व्हायला? आधी उचकटलेल्या लाद्या कापून किंवा फोडून बाहेर काढाव्या लागतात. त्यात खालची ओली, सैल माती उपसावी लागते. मग थराथराने भराव टाकायचा, प्रत्येक थर दाबून घ्यायचा. एखादा थर घाईत नीट दाबला नाही तर पहिलं विमान गेल्यावर तो बसतो आणि दुसऱ्या विमानाचं चाक त्यात अडकतं. बंगालच्या गाळाच्या मैदानात आणखी एक अडचण आहे, दगड मिळत नाही. आपल्याकडे सह्याद्रीचा काळा पाषाण हाताशी असतो. तिकडे विटा भाजून, फोडून त्यांची खडी करतात. ढाक्याखाली लालसर चिकण माती आहे, ती ओली असली की रोलरखाली दबत नाही, रबरासारखी हलते. खड्डे बुजवणाऱ्या पाकिस्तानी इंजिनिअरांच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. वर कुठल्याही क्षणी पुढची तुकडी येणार आणि खाली भराव दबत नाही.

सगळी धावपट्टी मोडायची गरज नसते, हेही महत्त्वाचं. शत्रूच्या विमानाला उडायला सलग किती लांबी लागते ती बघायची, आणि तेवढी सलग लांबी कुठेच शिल्लक राहणार नाही अशा बेताने ती छेदायची. पावणेतीन किलोमीटरची पट्टी दोन ठिकाणी आरपार तोडली की तिचे तीन तुकडे होतात, प्रत्येकी नऊशे मीटरच्या आसपास. इंधन आणि दारूगोळा भरलेल्या सेबरला तेवढ्यात सुरक्षित उडणं जमत नाही. पण "आरपार" हा शब्द विसरायचा नाही. खड्ड्याच्या बाजूने एखादी अरुंद पट्टी साबूत राहिली तर धाडसी वैमानिक तिच्यावरून विमान काढू शकतो. म्हणून एका जागी एक बॉम्ब पुरत नाही, नेमही लांबीपेक्षा रुंदीत अचूक लागतो.

सहा आणि सात तारीख

६ डिसेंबरला सकाळी २८ नंबरची मिग विमानं आसामच्या तळावरून निघाली. गुवाहाटी ते ढाका हे सरळ अंतर तीनशे किलोमीटरच्या आतच आहे, मध्ये मेघालयाचे डोंगर आणि मग एकदम सपाट पाण्याचा मुलूख. प्रत्येक विमानाच्या पंखांखाली ५०० किलोचे दोन बॉम्ब होते. तेजगाववर पोचून त्यांनी उंची घेतली, एकामागून एक सूर मारले आणि बॉम्ब धावपट्टीवर उतरवले. ते काँक्रीट फोडून आत फुटले. धावपट्टीचे तुकडे झाले. सेबर जागच्या जागी अडकली.

याच दिवशी दिल्लीत भारताने बांगलादेशाला मान्यता दिली. वर्तमानपत्रांचे मथळे तिकडे गेले, आणि जातील यात नवल नाही. पण पूर्वेकडच्या हवाई लढाईचा निकाल त्या सकाळी तेजगावच्या काँक्रीटमध्ये लागला होता.

लागला होता, पण पक्का झालेला नव्हता. पाकिस्तानी इंजिनिअर आणि मजूर रात्रभर खपले. ही माणसं कामचुकार नव्हती, उलट कमालीची जिद्दी होती. खड्डे त्यांनी जवळजवळ भरत आणले होते, सात तारखेच्या पहाटे धावपट्टी पुन्हा चालू होण्याच्या बेतात होती. आपलं हवाईदल सहा तारखेच्या यशावर समाधान मानून दुसऱ्या कामाला लागलं असतं तर तीन तारखेला पाकिस्तानचं झालं तेच आपलं झालं असतं. तसं झालं नाही. मिग पुन्हा आली आणि भरलेल्या जागांच्या आसपास नवे खड्डे पडले. कुर्मिटोलाही सोडलं नाही, कारण तेजगावची सेबर तिकडे हलवणं अवघड नव्हतं. रात्री कॅनबेरा आणि कॅरिबू विमानं येऊन जात, म्हणजे दुरुस्तीला अंधाराचा आधारही निर्धास्तपणे घेता येईना.

शेवटी ही बॉम्ब आणि फावडं यांच्यातली शर्यत होती, आणि तिच्यात जिंकायला फावड्याहून थोडं आधी पोचावं लागतं. पन्नास विमानं एकदाच पाठवण्यापेक्षा चार-चार विमानं वेळच्या वेळी पाठवणं जास्त परिणामकारक ठरलं. दुरुस्तीला किती तास लागतात हे ज्याला नेमकं कळतं, त्यालाच पुढची फेरी कधी पाठवायची ते ठरवता येतं. अशा कामात बॉम्ब टाकणाऱ्याने बांधणाऱ्याच्या डोक्याने विचार करायला हवा.

पाकिस्तानी हवाईदलाने ७-८ तारखेला वास्तव स्वीकारलं. न उडणाऱ्या विमानांपाशी प्रशिक्षित वैमानिक ठेवण्यात अर्थ नव्हता. लढाऊ वैमानिकांना लहान विमानाने ब्रह्मदेशात आणि तिथून पुढे पश्चिम पाकिस्तानात पाठवण्यात आलं. राहिलेली सेबर शरणागतीच्या आधी त्यांच्याच माणसांनी निकामी केली. त्यातलीही काही नव्या बांगलादेश हवाईदलाने पुढे दुरुस्त केली, यावरून कळतं की ती किती साबूत होती.

ज्याबद्दल बोलणं टाळलं जातं

तेजगाव विमानतळ ओसाड माळावर नव्हता. भोवती शहराची वस्ती होती. ८-९ डिसेंबरच्या रात्री विमानतळाच्या परिसरातल्या एका अनाथाश्रमावर बॉम्ब पडले आणि आत झोपलेली पुष्कळ मुलं मेली. पाकिस्तानने भारतीय विमानांना जबाबदार धरलं. ढाक्यात असलेल्या काही परदेशी अधिकाऱ्यांनी उलट संशय व्यक्त केला की हे पाकिस्तानी बाजूनेच, भारतावर आळ यावा म्हणून केलेलं कृत्य असावं. वाद तेव्हाही झाला, आजही होतो.

अचूक बॉम्बफेकीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक लेखात ही मुलं यायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं. सहा तारखेची सकाळची फेरी उजेडात होती, नेम डोळ्यांनी धरलेला होता, लक्ष्य लांबलचक करड्या रंगाची पट्टी होती. रात्रीची बॉम्बफेक ही वेगळी जात आहे. ती कुणीही केलेली असो, अंधारात शहराच्या अंगाला लागून असलेल्या विमानतळावर बॉम्ब टाकायचं ठरलं की असा अनर्थ घडण्याची वाट तेव्हाच उघडते. दिवस आणि रात्र हा फरक नकाशावरच्या योजनेत बारीक दिसतो, जमिनीवर तो फार मोठा असतो.

मोकळं आकाश

सात तारखेनंतर काय काय शक्य झालं, त्यावरून धावपट्टीचं मोल कळतं.

मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी फौजेने उडवून दिला होता. लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी ९ डिसेंबरपासून आपल्या पलटणी मी-४ हेलिकॉप्टरनी नदीपार उतरवायला सुरुवात केली. हवाईदलाकडून त्या कामाची सूत्रं ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांच्याकडे होती. मी-४ हे संथ, जाड, आवाज करणारं हेलिकॉप्टर. वर एक जरी सेबर असतं तरी भर दिवसा अशा फेऱ्या करणं म्हणजे जवानांना मृत्यूच्या तोंडी देणं होतं. ११ डिसेंबरला टांगाईलला २ पॅराची पलटण छत्र्यांनी उतरली. वाहतूक विमानांचा तो सगळा ताफा, त्यात जुनी डाकोटा आणि पॅकेट विमानं, दुपारच्या उजेडात शत्रूच्या प्रदेशावर सरळ उडत गेला. त्यांना हवेत अडवणारं कुणी नव्हतं.

तिच धावपट्टी मग एका वेगळ्या कामासाठी पुन्हा हवी झाली. ढाक्यात अडकलेल्या परदेशी नागरिकांना बाहेर काढायचं होतं. आपण हल्ले थांबवून वेळ दिली, खड्डे कामापुरते भरले गेले आणि १२ डिसेंबरला ब्रिटिश हवाईदलाची हर्क्युलस विमानं तेजगावला उतरली. कमी लांबीत, ओबडधोबड जमिनीवर उतरण्यासाठीच ते विमान बनलेलं. सेबरला जी पट्टी निरुपयोगी झाली होती ती हर्क्युलसला चालली. धावपट्टी चालू आहे की बंद, हे तिच्यावरून कोण धावणार त्यावर ठरतं.

आणि १४ डिसेंबर. त्या दिवशी ढाक्यात गव्हर्नर ए. एम. मलिक यांची वरिष्ठांबरोबर बैठक आहे, असा संदेश आपल्या हाती लागला. बिश्नोईंना हुकूम मिळाला तेव्हा हाताशी होता तो ढाक्याचा पर्यटकांसाठीचा नकाशा. आधी सांगितलेलं लक्ष्य सर्किट हाउस होतं. उड्डाणाच्या अगदी तोंडावर, कॉकपिटमध्ये बसल्यावर, त्यांच्या हातात चिठ्ठी आली की लक्ष्य सर्किट हाउस नाही, गव्हर्नमेंट हाउस आहे. दाट वस्तीच्या शहरात, एका इमारतीवर, पर्यटक-नकाशा मांडीवर घेऊन. त्यांनी आधी वरून एक फेरी मारून इमारत ओळखून घेतली आणि मगच रॉकेटं सोडली. मागून हंटर विमानंही आली. मलिक यांनी त्याच दिवशी तळघरातल्या आडोशाला बसून राजीनामा लिहिला. त्या वेळी तिथे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी जॉन केली आणि एक ब्रिटिश वार्ताहर हजर होते.

या हल्ल्याची गोष्ट जास्त रंगतदार आहे, म्हणून ती जास्त सांगितली जाते. पण त्या दिवशी बिश्नोईंना शहरावर निवांत फेरी मारून इमारत निवडता आली, कारण हवेत त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. चार तारखेला असं एक वळण कुणाला परवडलं नसतं.

१६ डिसेंबरच्या पहाटे पाकिस्तानी लष्कराच्या विमान शाखेने आपली हेलिकॉप्टरं ढाक्यातून काढून ब्रह्मदेशात अक्याबला नेली. काही स्त्रिया आणि मुलंही त्यांत होती. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. पळ काढणाऱ्यांना त्या पहाटे तोच एक मार्ग खुला होता.

त्याच दिवशी दुपारी पूर्वेकडच्या भारतीय फौजांचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा शरणागती स्वीकारायला ढाक्याला निघाले. सोबत त्यांच्या पत्नी होत्या, आणि ज्यांच्या विमानांनी तेजगाव बंद पाडलं होतं ते एअर मार्शल दिवाणही होते. ते आगरताळ्याहून हेलिकॉप्टरनी आले. पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजांचे प्रमुख लेफ्टनंट जनरल नियाझी त्यांना घ्यायला तेजगाव विमानतळावर उभे होते. तिथून सगळे मोटारींनी रमना रेसकोर्सकडे गेले.